मॉरल टर्पिट्यूड म्हणजे काय रे भाऊ? गोव्यातल्या मराठी वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात मी इंग्रजी कागदांचे मराठी करून देतो. नेमणूकपत्रे, कोर्टाच्या नोटिसा, व्हिसाचे फॉर्म, ॲफिडेव्हिटे असे सगळे येते. घरात कोकणी, वाचायला मराठी आणि सही इंग्रजी कागदावर, ही आपल्याकडची जुनीच रीत. या कागदांत एक शब्द असा आहे की तिथे माणूस अडतो, बोट ठेवतो आणि म्हणतो, "मास्तर, हें कितें बरयलां?" तो शब्द म्हणजे 'मॉरल टर्पिट्यूड'. त्याबद्दल लोक जे विचारतात ते इथे एकत्र केले आहे. हा वकिली सल्ला नाही. अंगावर प्रकरण चालू असेल तर आधी वकील गाठावा, मग हे वाचावे.

टर्पिट्यूड म्हणजे नेमके काय?

नीचपणा. नुसती चूक नव्हे, नियमभंग नव्हे, तापटपणाही नव्हे. ज्या कृत्याच्या मुळाशीच काहीतरी लबाड, हीन किंवा क्रूर आहे, त्या कृत्याचा हा गुण. पर्वरीला सिग्नल तोडून जाणारा कायदा मोडतो. त्याच रस्त्यावर अपघातात पडलेल्या माणसाच्या खिशातले पाकीट काढणाराही कायदा मोडतो. पण टर्पिट्यूड फक्त दुसऱ्याच्या कृत्यात आहे, आणि हे सांगायला कुणाला वकील लागत नाही.

अर्थाच्या दृष्टीने 'अधमपणा' हा मराठी शब्द सर्वांत जवळचा, पण तो आता कीर्तनात आणि नाटकांतच उरला आहे. बोलताना आपण 'हलकटपणा' म्हणतो. खरे सांगायचे तर पुष्कळ प्रकरणांत तोच चपखल बसतो, फक्त सरकारी कागदावर लिहिता येत नाही.

उच्चार कसा करायचा?

टर्-पि-ट्यूड. जोर 'टर्' वर. अमेरिकी माणूस शेवटी 'टूड' म्हणतो. स्पेलिंग टी, यू, आर, पी, आय, टी, यू, डी, ई. 'टॉर्पिट्यूड' असा उच्चार कानावर येतो, तो चुकीचा.

टर्पेंटाइनशी याचा काही संबंध आहे का?

नाही. रंगाऱ्याच्या डब्यातले टर्पेंटाइन एका झाडाच्या ग्रीक नावावरून आले. टर्पिट्यूड आला लॅटिनमधून. 'तुर्पिस' म्हणजे कुरूप, ओंगळ, आणि त्यावरून लाजिरवाणे. त्याचे भाववाचक नाम 'तुर्पितुदो'. फ्रेंचमार्गे पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्रजीत उतरले. पोर्तुगीज शाळेत शिकलेले कुणी आजोबा-आजी घरात असतील तर त्यांना विचारून पाहा. 'तोर्पे' आणि 'तोर्पेझा' हे पोर्तुगीज शब्द त्याच लॅटिन घराण्यातले आहेत आणि अर्थही तोच, नीच आणि नीचपणा.

ईव्हिल, विकेड, सिन, व्हाइस आणि टर्पिट्यूड यांत फरक काय?

'ईव्हिल' सर्वांत मोठा शब्द. माणूस, हेतू, व्यवस्था, युद्ध, कशालाही लागतो. 'विकेड' जुन्या धाटणीचा, दुष्ट. हल्ली तरुण पोरे कौतुकानेही वापरतात, त्यामुळे जपून. 'सिन' म्हणजे देवाच्या दरबारातले पाप, त्याचा हिशेब कोर्टात होत नाही. 'व्हाइस' म्हणजे वाईट खोड, व्यसन. (जुन्या गोव्यातली व्हाइसरॉयची कमान या 'व्हाइस'ची नव्हे. तिथला 'व्हाइस' म्हणजे 'च्या जागी', राजाच्या जागी बसलेला. व्हाइस चॅन्सेलरही त्यातलाच.) 'डिप्रॅव्हिटी' म्हणजे मन इतके नासणे की वाईटाची लाजच उरत नाही, हा शब्द टर्पिट्यूडच्या सर्वांत जवळ, आणि न्यायाधीश टर्पिट्यूड समजावताना त्याचाच आधार घेतात.

टर्पिट्यूडचे वेगळेपण असे की तो बोलण्यातला शब्द नाही. कुणीही इंग्रज माणूस शेजाऱ्याशी भांडताना हा शब्द तोंडातून काढत नाही. तो कायद्याच्या, नोकरीच्या आणि परवान्याच्या कागदात राहतो, आणि तिथेही बहुतेक वेळा 'मॉरल' चे बोट धरूनच येतो.

वाक्यात कसा वापरतात?

हे नाम आहे. त्याचे क्रियापद नाही. अनेकवचन अगदी क्वचित दिसते. 'ही इज अ टर्पिट्यूड' असे होत नाही. कागदांत दिसतात ते असे: 'ॲन ऑफेन्स इन्व्हॉल्व्हिंग मॉरल टर्पिट्यूड', म्हणजे नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेला अपराध. 'ॲन ॲक्ट ऑफ मॉरल टर्पिट्यूड', म्हणजे तसे कृत्य. 'कन्व्हिक्टेड ऑफ अ क्राइम इन्व्हॉल्व्हिंग मॉरल टर्पिट्यूड', म्हणजे तशा गुन्ह्यात दोषी ठरलेला.

या तीन वाक्यांत टर्पिट्यूड तोच आहे, पण तुमच्यावर होणारा परिणाम तिघांचा वेगवेगळा. एकात गुन्हा लागतो, एकात नुसते कृत्य पुरते, एकात कोर्टाने दोषी ठरवलेले असावे लागते. म्हणून कुणी कागद घेऊन आला की मी आधी या शब्दाच्या आजूबाजूला पाहतो. 'कन्व्हिक्टेड' आहे का? 'चार्ज्ड' आहे का? 'इन द ओपिनियन ऑफ द मॅनेजमेंट' असे कुठे घुसवले आहे का? लोक घाबरतात टर्पिट्यूडला, आणि खरा चिमटा असतो त्याच्या मागच्या-पुढच्या दोन शब्दांत.

मराठीत काय लिहायचे? नैतिक अधःपतन, नीतिभ्रष्टता की चारित्र्यहीनता?

सरकारी आणि कायद्याच्या मराठीत 'नैतिक अधःपतन' रुळलेले आहे. तेच लिहावे. शब्द जड आहे, पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तो कुठल्या इंग्रजी शब्दासाठी आहे हे लगेच कळते, आणि भाषांतरात तेवढे कळणे महत्त्वाचे.

'चारित्र्यहीनता' मात्र कृपा करून लिहू नये. मराठीत 'चारित्र्य' म्हटले की ऐकणाऱ्याचे कान थेट बाई-पुरुषाच्या भानगडीकडे वळतात. फोंड्याकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाने डिझेलची खोटी बिले लावली. बडतर्फीच्या इंग्रजी आदेशात मॉरल टर्पिट्यूड होते, मराठी प्रतीत कुणीतरी 'चारित्र्यहीन वर्तन' केले. तो कागद घरी पोहोचला आणि त्याच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला तो डिझेलचा नव्हताच. वाड्यावर पुढे आठवडाभर ती कोण, यावरच चर्चा. डिझेलचा दोष त्याचा होता, तो त्याने कबूलही केला. पण जे केलेच नाही त्याचा डाग भाषांतराने लावला. 'मॉरल' या शब्दाचा मराठी कानाला येणारा वास आणि इंग्रजी कायद्यातला त्याचा अर्थ यांत एवढे अंतर आहे. टर्पिट्यूडची मोठी रास पैशाच्या लबाडीतून येते: अफरातफर, खोट्या सह्या, फसवणूक, लाच.

भारतीय कायद्यात व्याख्या कुठे दिली आहे?

कुठेच नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत नव्हती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नाही. निरनिराळे कायदे हा शब्दप्रयोग वापरतात आणि अर्थ लावायचे काम कोर्टावर सोडतात.

सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ सालचा एक निवाडा याबाबत सारखा सांगितला जातो. प्रकरण हरियाणातल्या एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याचे. सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वर्तनाच्या कलमाखाली, म्हणजे तेव्हाच्या २९४ खाली, त्याला पूर्वी २० रुपये दंड झाला होता. त्या २० रुपयांपायी नोकरी गेली. न्यायालयाने सांगितले की मॉरल टर्पिट्यूड म्हणजे मुळातच हीन, नीच, विकृत असे वर्तन, आणि या कलमाखालची प्रत्येक शिक्षा आपोआप त्यात धरता येत नाही. नोकरी गेली ते चूक ठरले. शिवाय किरकोळ दंडाच्या शिक्षेने माणसाची पोटापाण्याची वाट बंद होऊ नये यासाठी संसदेने काही करावे, २,००० रुपयांपर्यंतचा दंड शिक्षा म्हणून धरूच नये, असेही न्यायालयाने सुचवले.

त्याआधी, १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निवाड्यात तीन कसोट्या दिल्या आहेत. त्या कृत्याने समाजाच्या सर्वसाधारण सदसद्विवेकाला धक्का बसतो का? कृत्यामागचा हेतू नीच होता का? त्या कृत्यामुळे करणारा माणूस नीच वृत्तीचा, समाजाने तुच्छ लेखावा असा ठरतो का? आजही वकील याच तीन प्रश्नांभोवती युक्तिवाद रचतात. माझ्या मते दुसरी कसोटी सर्वांत कामाची. पहिली आणि तिसरी समाजावर सोडलेली आहे, आणि समाज म्हणजे कोण हे गावागणिक बदलते.

मग कोणते गुन्हे यात मोडतात? यादी मिळेल का?

पक्की यादी नाही. चोरी, फसवणूक, खोटे दस्तऐवज, विश्वासघात करून केलेली अफरातफर, लाचखोरी, बलात्कार यांबाबत फारसा वाद होत नाही. या सगळ्यांत हेतू दिसतो.

मारामारीत घोळ आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे स्टेट बॅंकेच्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. धारदार वा घातक साधनाने साधी दुखापत करण्याचे कलम, जुने ३२४, त्याखाली तो दोषी ठरला होता आणि बॅंकेने त्याला काढले होते. न्यायालयाने म्हटले की मारहाणीचा प्रत्येक गुन्हा मॉरल टर्पिट्यूडचा होत नाही. हत्यार कोणते, जखम कुठे आणि केवढी, प्रसंग काय, हे पाहावे लागते. त्याच्या बाबतीत टर्पिट्यूड ठरले नाही. म्हणजे कलमाचा आकडा पाहून उत्तर मिळत नाही. सुपारी घेऊन केलेला हल्ला आणि बांधावरून शेजाऱ्यांत झालेली हमरीतुमरी एकाच कलमाखाली येऊ शकतात, पण एकाच तराजूत नाही.

हॉटेलच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये हे वाक्य आहे. सही करू की नको?

कळंगुटपासून काणकोणपर्यंत हॉटेलांच्या नेमणूकपत्रांत हे वाक्य सर्रास असते, आणि बऱ्याचदा कुठल्याशा जुन्या नमुन्यावरून जसेच्या तसे उतरवलेले. वाक्य असल्यामुळे तुमच्यावर संशय आहे असे नव्हे. सही न करता नोकरी मिळेल असेही नव्हे.

पाहायचे ते एवढेच. मागच्या महिन्यात एका मुलीचे पत्र आले होते, रिसेप्शनची नोकरी. अकरावे कलम. तिथे लिहिलेले, कंपनीच्या मते कर्मचाऱ्याने मॉरल टर्पिट्यूडचे कृत्य केले असल्यास कोणतीही नोटीस न देता सेवा समाप्त. शेजारच्याच कलमात मात्र चौकशीची पद्धत दिलेली: लेखी आरोप, उत्तराला मुदत, सुनावणी. मी तिला पेन्सिलने दोन्हींच्या मधे बाण काढून दिला आणि सांगितले, एचआरला विचार, अकरावे लावताना ही चौकशी होणार की नाही, आणि उत्तर ईमेलवर माग. तिने विचारले, ईमेलवर 'होय' आले. तेवढा ईमेल जपून ठेवायचा.

याच कारणाने ग्रॅच्युइटी जाऊ शकते का?

जाऊ शकते, आणि हा प्रश्न गंभीर आहे. ५ वर्षांची सलग नोकरी झाली की साधारण हिशेब असा: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. २६,००० पगारावर १० वर्षे झाली असतील तर १,५०,००० रुपये. उपदान (म्हणजे ग्रॅच्युइटी) कायदा, १९७२ च्या कलम ४(६) नुसार, नोकरी करत असताना केलेले कृत्य नैतिक अधःपतनाचा अंतर्भाव असलेला अपराध ठरत असेल आणि त्या कारणाने नोकरीवरून काढले असेल, तर ही रक्कम पूर्ण किंवा काही अंशी जप्त करता येत असे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली, आणि तिच्यातही ही तरतूद कायम आहे.

कोर्टाने आधी दोषी ठरवायला हवे का? इथे मत बदलले आहे. २०१८ च्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी लागते असे म्हटले होते, आणि कामगार संघटना त्यावर विसंबून होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की फौजदारी कोर्टात दोषी ठरणे आवश्यक नाही. खात्यांतर्गत चौकशीत सिद्ध झालेले गैरवर्तन तशा अपराधाच्या स्वरूपाचे असेल तर पुरे. म्हणून कंपनीतली चौकशी 'ही तर घरातलीच' म्हणून हलक्यात घेऊ नये. आरोपपत्राला लेखी उत्तर द्यावे, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क वापरावा. पोलीस केस झालीच नाही म्हणून निर्धास्त राहण्याचे दिवस गेले.

बॅंकेच्या नोकरीत काय होते?

बॅंकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम १० प्रमाणे मॉरल टर्पिट्यूडच्या गुन्ह्यात फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला बॅंकेने नोकरीत ठेवायचे नसते. इथे 'दोषी ठरवलेल्या' हे शब्द आहेत. नुसता एफआयआर किंवा चालू खटला या कलमात बसत नाही, निलंबन होऊ शकते तो भाग वेगळा. परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर कैदेत न जाता, सुटलात म्हणून नोकरीचा हक्क आपोआप परत येतो, असेही समजू नये.

पासपोर्ट नाकारतात का?

पासपोर्ट कायदा, १९६७, कलम ६(२). मागच्या ५ वर्षांत भारतातल्या कोर्टाने मॉरल टर्पिट्यूडच्या गुन्ह्यात दोषी ठरवले असेल आणि शिक्षा किमान २ वर्षे कैदेची असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. दोन्ही अटी एकत्र लागतात. ६ महिन्यांची शिक्षा या खंडात बसत नाही.

पण त्याच कलमात पुढे वेगळा खंड आहे: फौजदारी खटला प्रलंबित असणे. तिथे टर्पिट्यूडचा संबंधच नाही. गुन्हा कसलाही असो, खटला चालू असेल तर अर्ज अडतो आणि संबंधित कोर्टाची परवानगी आणावी लागते. पणजीच्या पासपोर्ट कार्यालयातून ज्यांना पत्र येते त्यांनी आधी हे पाहावे की पत्रात कुठला खंड लिहिला आहे. पुष्कळ जण 'माझा गुन्हा तसला नाही' हे पटवत बसतात, आणि त्यांचे प्रकरण मुळात दुसऱ्याच खंडाखाली असते.

मुलगा बोटीवर जातोय. अमेरिकेच्या व्हिसाला हा शब्द लागतो म्हणे?

तारवट्यांच्या घरातून हा प्रश्न येतोच. क्रूझवर काम करणाऱ्याला सी-१/डी व्हिसा लागतो, त्यासाठी डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म भरायचा. फॉर्ममधला प्रश्न टर्पिट्यूडपेक्षा खूप रुंद आहे. तुम्हाला कधी अटक झाली आहे का किंवा शिक्षा झाली आहे का, माफी मिळाली असली तरी, असे तो विचारतो. एजंट सांगतो 'नो' टिक कर, केस कधीच मिटली. हे ऐकू नका. जुनी अटक असेल तर 'येस' लिहून कोर्टाचा निकाल जोडणे परवडते. महत्त्वाची गोष्ट लपवल्याचे उघड झाले तर तो स्वतंत्र दोष धरला जातो, आणि ती अपात्रता आयुष्यभर मागे लागू शकते.

टर्पिट्यूड येतो तो पुढच्या पायरीवर, व्हिसा द्यायचा की नाकारायचा हे ठरवताना. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात हा शब्दप्रयोग १८९१ पासून आहे, आणि त्याची व्याख्या तिथेही केलेली नाही. १९५१ साली दारूवरचा कर बुडवण्याच्या कटाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा गेला की हा शब्द इतका मोघम आहे की त्यावर माणसाला देशाबाहेर काढणे योग्य का. सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले की शब्द चालेल, आणि ज्या गुन्ह्यात फसवणूक आहे तो यात नक्की मोडतो. वेगळे मत देणाऱ्या तिघांचे म्हणणे वाचण्यासारखे आहे. शब्दाला धड सीमाच नाही, ही त्यांची तक्रार आजही खोटी ठरलेली नाही.

सवलत आहे, पण अरुंद. असा एकच गुन्हा असेल, त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १ वर्षाहून जास्त नसेल आणि प्रत्यक्ष शिक्षा ६ महिन्यांहून जास्त झाली नसेल, तर तो किरकोळ गुन्हा म्हणून सोडता येतो. अठरा वर्षांखाली घडलेल्या गोष्टींसाठीही काही अटींवर वेगळी सवलत आहे. निर्णय वकिलातीतल्या अधिकाऱ्याचा. मुलाखतीला जाताना एफआयआर, आरोपपत्र आणि निकाल यांच्या प्रमाणित प्रती बरोबर असाव्यात. झेरॉक्सची झेरॉक्स नको.

इंग्लंडला जायचे असेल तर?

तिथल्या स्थलांतर नियमांत हा शब्द कसोटी म्हणून नाही. ते प्रामुख्याने किती काळाची कैद झाली ते पाहतात. अमेरिकेचे नियम ऐकून इंग्लंडचा फॉर्म भरू नये.

वकिली करता येते का?

मिरामारच्या किंवा मडगावच्या लॉ कॉलेजातली मुले हे विचारतात. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ चे कलम २४-अ: अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची सनद नोंदवता येत नाही, पण सुटकेनंतर २ वर्षे गेली की अपात्रता संपते. परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्याला ती लागूच होत नाही. आपली नोंदणी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे होते, फॉर्ममध्ये खरे लिहावे.

आमदारकीला?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८ मध्ये हा शब्दप्रयोग वापरण्याऐवजी गुन्ह्यांची यादी आणि शिक्षेची मुदत दिली आहे. सभेत कुणी 'मॉरल टर्पिट्यूडमुळे अपात्र' असे गरजले तर ते भाषण समजावे.

दारू पिणे, मटका खेळणे हे टर्पिट्यूड आहे का?

फेणी पिणे टर्पिट्यूड असते तर निम्मा बार्देश अपात्र ठरला असता. पिणे हा गुन्हाच नाही. पिऊन गाडी चालवणे गुन्हा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. ते बेजबाबदारपणाचे आहे, धोक्याचे आहे. पण नीच हेतूची कसोटी साध्या प्रकरणाला लावणे अवघड. अमेरिकेतही नुसते पिऊन गाडी चालवणे सहसा या सदरात धरत नाहीत.

मटक्याचे उत्तर गोव्यात देताना जरा हसू येते. १९७६ च्या जुगार कायद्याखाली मटका बेकायदा, आणि त्याच कायद्यात नंतर घातलेल्या कलम १३-अ मुळे मांडवीतल्या जहाजावरचा कॅसिनो परवानाधारक. पत्ते तेच, नोटा त्याच. जुगाराला समाजाच्या नीतीचे माप लावायचे म्हटले तर कुठल्या काठावरच्या समाजाचे, हा प्रश्न वकील विचारणारच. चिठ्ठी लावणारा आणि लोकांना फसवून अड्डा चालवणारा यांत मात्र कोर्ट फरक करू शकते, कारण तिथे पुन्हा हेतू आणि फसवणूक येते.

प्रेमप्रकरण, लिव्ह-इन, घटस्फोट?

शेजाऱ्याचे मत म्हणजे टर्पिट्यूड नव्हे. हा शब्द बहुतेक कायद्यांत 'अपराध' या शब्दाला चिकटून येतो. अपराधच नसेल तर पुढचा प्रश्न उरत नाही. व्यभिचाराचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्दबातल केले. सरकारी नोकराला मात्र आचरण नियम वेगळे असतात, पहिली बायको असताना दुसरे लग्न वगैरे. तिथे कारवाई होते ती त्या नियमांखाली, आणि कागदावर तसेच लिहिले पाहिजे.

परीक्षेत विरुद्धार्थी शब्द विचारला तर?

रेक्टिट्यूड. सचोटी, सरळपणा. प्रोबिटी, इंटेग्रिटी हेही चालतात. समानार्थी म्हणून डिप्रॅव्हिटी, बेसनेस, व्हाइलनेस. 'टॉर्पर' पर्यायात दिला असेल तर तो फसवण्यासाठी आहे, त्याचा अर्थ सुस्ती.

कागद दाखवायला येताना काय आणू?

पूर्ण कागद. मोबाइलवर त्या एकाच ओळीचा फोटो काढून पाठवतात, त्यावरून काही सांगता येत नाही. आधीचे आणि नंतरचे पान हवे, पत्रात ज्या कायद्याचा उल्लेख आहे त्याचे कलम हवे, आणि जुने प्रकरण असेल तर कोर्टाच्या निकालाची शेवटची दोन पाने, जिथे शिक्षा लिहिलेली असते. उत्तर द्यायची मुदत कागदावर असेल तर येताना तेवढी तारीख पेनाने गोल करून आणा.